केस्लापूरची किंगरी आणि विद्यापीठाचे दान

आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्लीच्या परिसरात केस्लापूर नावाचे गाव आहे. पौष अमावास्येला तेथे नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळातील गोंड मंडळी गोदावरीचे पाणी आणण्यासाठी कित्येक दिवस पायी चालतात आणि त्या पाण्याने देवाची पूजा होते. ह्या जत्रेचे वर्णन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. परंतु ज्या विषयाकडे मला वळावयाचे आहे त्याची एक खूण तेथेच सापडते, म्हणून प्रारंभ केस्लापुरापासून केला आहे.

गोंडांच्या प्रत्येक कुळाची जन्मकथा, त्यांच्या सगांची वाटणी, पहांदी कुपार लिंगालाची कथा, जंगूबाईची कथा हे सारे वाङ्मय गोंडांनी स्वतः पाठ करून ठेवलेले नाही. ते काम प्रधानांकडे आहे. प्रधान हा कुळाचा भाट; तो किंगरी वाजवीत ह्या कथा गातो, आणि त्याचे यजमान असलेले गोंड लग्नकार्यात, मर्तिकात व देवकार्यात त्याला गाय, बैल, धान्य, वस्त्रे देतात. हे देणे लहर म्हणून द्यावयाचे नसते. पिढ्यानुपिढ्या चालत आलेला तो हक्क आहे. यजमान गरीब झाला की प्रधानाच्याही घरी चूल पेटणे कठीण होते. मराठी वाचकाला आश्चर्य वाटावे अशी गोष्ट म्हणजे आदिलाबादकडील ह्या प्रधानांची घरातील भाषा मराठी आहे. गातात गोंडीत, बोलतात मराठीत. म्हणजे गोंडांचे सर्व पुराण कित्येक पिढ्या मराठी घरांत राहिलेले आहे! आपल्या वाङ्मयेतिहासांत ह्याची नोंद मला क्वचितच आढळली.

अशा रीतीने एका समाजाने आपल्या विद्येच्या निर्वाहाची तजवीज दानाने केली. विद्यापीठ नावाची आधुनिक संस्था ह्याहून फारशी निराळी नाही. सरकारी सनद असली तरी नुसत्या सनदेवर ग्रंथालय उभे राहत नाही आणि अध्यासनही चालत नाही. खाजगी धर्मादायाचा पैसा सार्वजनिक विद्यापीठात कसा येतो, तो काय मागतो आणि शेवटी कोणाच्या दारापर्यंत पोचतो, हा प्रश्न मी येथे विचारणार आहे. त्याचे उत्तर शोधताना मुंबईहून लंडनला आणि लंडनहून पुन्हा इंद्रवेल्लीच्या रानात यावे लागते. हा फेरा लांबचा असला तरी इतिहासाने तो खरोखरच घातलेला आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती. ती आली शेटसावकारांच्या देणग्यांतून. कावसजी जहांगीर रेडीमनी ह्यांनी १ लाख रुपये दिले, त्यातून पदवीदानाचे सभागृह झाले. प्रेमचंद रायचंद ह्यांनी १८६४ साली प्रथम ग्रंथालयासाठी २ लाख आणि पाठोपाठ मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले. त्या मनोऱ्याला त्यांच्या मातोश्री राजाबाई ह्यांचे नाव आहे. तो काळ अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आल्याचा होता. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि प्रेमचंदांचे साम्राज्यही कोसळले. दान मात्र विद्यापीठाच्या पदरात पडून चुकले होते. मनोरा १८७८ साली पुरा झाला. कापसाच्या सट्ट्याचे पुण्य म्हणून ह्या मनोऱ्याची थट्टा करता येईल, पण सट्ट्यात गेलेल्या इतर कोट्यवधी रुपयांचे काय राहिले हे पाहिले म्हणजे थट्टा करण्याचा उत्साह मावळतो.

जगन्नाथ शंकरशेट ह्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती ही दानाची दुसरी तऱ्हा. तिने किती शिक्षकांना व विद्यार्थ्यांना संस्कृताकडे ओढले हे जुन्या पिढीला सांगावयास नको. १९१२ साली मॅट्रिकला पहिले आलेले चिंतामणराव देशमुख हे तिचे मानकरी होते. नागपूर विद्यापीठाला लक्ष्मीनारायण ह्यांच्या मृत्युपत्राने मोठी संपत्ती मिळाली आणि तिच्यातून १९४२ साली तंत्रशास्त्राची संस्था निघाली. इमारत, पारितोषिक, संस्था असे ह्या दानांचे प्रकार झाले. परंतु ह्यांपैकी एकाही दात्याने विद्यापीठापुढे प्रश्न ठेवला नाही. प्रश्न ठेवणारा दाता मुंबईचाच होता. त्याने तो ठेवला मात्र लंडनमध्ये.

जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव रतन टाटा ह्यांनी १९१२ साली लंडन विद्यापीठाला दरसाल १,४०० पौंड, प्रथम तीन वर्षांसाठी, देऊ केले. अट एकच होती. दारिद्र्य आणि निराधारपणा ह्यांची कारणे कोणती, ती टाळावी कशी आणि निवारावी कशी, ह्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास व्हावा. हे रतन टाटा म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील गांधींच्या लढ्याला हप्त्याहप्त्याने सव्वा लाख रुपये देणारे आणि गोखल्यांच्या भारत सेवक समाजालाही हात देणारे गृहस्थ. त्यांच्या देणगीची व्यवस्था लंडनच्या अर्थशास्त्र विद्यालयाकडे आली. ते विद्यालयही १८९५ साली हेन्री हंट हचिन्सन नावाच्या एका वकिलाच्या मृत्युपत्रातील पैशातून निघालेले आणि १९०० साली विद्यापीठात सामील झालेले होते.

टाटांच्या नावाच्या ह्या निधीचे पहिले संचालक आर. एच. टॉनी. त्यांनी १९१३ साली आपल्या आरंभीच्या व्याख्यानातच दारिद्र्य हा व्यक्तीच्या स्वभावाचा दोष नसून उद्योगव्यवस्थेचा प्रश्न आहे अशी भूमिका घेतली. साखळ्या करणाऱ्या कारागिरांची आणि शिंप्यांची किमान मजुरी ह्यांवरील त्यांची पुस्तके १९१४ व १९१५ साली निघाली. बाउली आणि बर्नेट-हर्स्ट ह्यांनी इंग्लंडमधील काही गावांतील मजुरांच्या घरखर्चाची पाहणी केली. त्याच विद्यालयाच्या समाजशास्त्र खात्यात क्लेमेंट अॅटली नावाचा एक तरुण व्याख्याता होता. पुढे तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला आणि त्याच्या कारकिर्दीत हिंदुस्थान स्वतंत्र झाला, हे वाचक जाणतातच. टाटांच्या दानाशी ह्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. परंतु इंग्लंडातील गरिबांच्या अभ्यासाला मुंबईच्या गिरण्यांतून आलेला पैसा लागला, ही गोष्ट आपल्या इतिहासकारांनी ठळकपणे सांगावयास हवी होती.

तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या वेळी लंडनमध्ये साखळीवाल्यांची मजुरी मोजली जात होती त्या वेळी परळ-लालबागच्या चाळींतील गिरणी कामगाराचा तसा हिशेब मुंबईच्या विद्यापीठात कोणी मांडीत नव्हते. हॅरॉल्ड मान ह्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास करून १९१७ साली तो मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रमालेत प्रसिद्ध केला, हा सन्मान्य अपवाद. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीतून समाजकार्याचे विद्यालय मुंबईत निघाले ते १९३६ साली, नागपाड्याला. म्हणजे रतन टाटांचा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या शहरात यावयाला चोवीस वर्षे लागली. ते स्वतः १९१८ सालीच निवर्तले होते.

अर्थशास्त्र विद्यालयाला टाटांहून कितीतरी मोठा दाता मिळाला तो अमेरिकेतून. जॉन डी. रॉकफेलर ह्यांनी पत्नीच्या स्मरणार्थ १९१८ साली काढलेल्या लॉरा स्पेलमन स्मारक निधीने, आणि १९२९ साली तो रॉकफेलर प्रतिष्ठानात विलीन झाल्यावर त्या प्रतिष्ठानाने, विद्यालयाच्या इमारतींना, ग्रंथालयाला आणि सामाजिक शास्त्रांच्या अध्यापनाला भरपूर पैसा पुरविला. विद्यालयात मालिनोव्हस्की ह्यांच्याभोवती मानवशास्त्राच्या अभ्यासकांचा मेळा जमला, त्यांतील पुष्कळांचा निर्वाह रॉकफेलर शिष्यवृत्तीवर होत असे. ह्या दानावर टीकाही झाली. वसाहतींवर राज्य करणाऱ्यांना उपयोगी पडेल तेवढीच विद्या ते वाढविते, असा आक्षेप घेण्यात आला. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. परंतु दात्याचा हेतू आणि दानाचे फळ ह्यांचा संबंध नेहमी सरळ असतोच असे नाही, हे पुढील हकीकतीवरून दिसेल.

१९३५ साली ह्या शिष्यवृत्तीवर लंडनला आलेल्यांत व्हिएन्नाचा एक तरुण होता. त्याचे नाव क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. मालिनोव्हस्कींच्या वर्गात बसून त्याने क्षेत्राभ्यासाची पद्धत आत्मसात केली आणि नंतर तो नागा टेकड्यांत जाऊन राहिला. १९३९ साली तो पुन्हा हिंदुस्थानात आला तोच महायुद्ध सुरू झाले. ऑस्ट्रिया जर्मनीत सामील केला गेलेला असल्यामुळे त्याच्यापाशी जर्मन पारपत्र होते, आणि इंग्रज सरकारच्या लेखी तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. अधिकाऱ्यांच्या ओळखीमुळे त्याला छावणीत न टाकता निजामाच्या मुलखात राहण्याची मुभा मिळाली. रॉकफेलर प्रतिष्ठानाने त्याला लंडनला नेले होते. आदिलाबादला आणले ते कैदेने.

त्या वेळी आदिलाबादच्या गोंडांची स्थिती काय होती? वनखात्याने राखीव जंगलाच्या रेषा ओढल्या आणि पिढ्यानुपिढ्या कसलेली जमीन एका दिवसात सरकारी रान ठरली. पट्टा नसलेला गोंड अतिक्रमण करणारा ठरला. १९४० साली जोडेघाट येथे कुमरम भीम ह्याच्या नेतृत्वाखाली झालेला उठाव पोलिसांच्या गोळीबाराने मोडला गेला आणि भीम मारला गेला. त्यानंतर संस्थानच्या सरकारला हे लोक कोण, त्यांना हवे आहे तरी काय, असा प्रश्न पडला. उत्तर शोधण्याचे काम हायमेनडॉर्फकडे आले. तो व त्याची पत्नी बेटी उटनूरच्या रानातील मार्लवाई गावी गोंडांच्या वस्तीत राहू लागली. पुढे त्याला सरकारचा आदिवासींविषयीचा सल्लागार नेमण्यात आले आणि उस्मानिया विद्यापीठात मानवशास्त्राचे प्राध्यापकपदही देण्यात आले.

उस्मानियाविषयी मराठवाड्यातील जुन्या विद्यार्थ्यांचे मन द्विधा असते. १९१७ च्या फर्मानाने निघालेले, १९१८ साली सुरू झालेले हे विद्यापीठ सर्वस्वी राजाच्या खजिन्यावर चालले होते. उच्च शिक्षण देशी भाषेतून देण्याचे धैर्य त्याने दाखविले, परंतु ती देशी भाषा उर्दू होती. मराठी, तेलुगू आणि कानडी बोलणाऱ्या प्रजेला ती घरची नव्हती. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला, ही आठवण अजून बुजलेली नाही. एकाच दात्यावर विसंबलेल्या विद्यापीठाचा हा धोका आहे. आणि तरीही, आदिलाबादच्या रानातील शाळेत गोंड मुलाने शिकावे कोणत्या भाषेत हा प्रश्न निघाला तेव्हा ह्याच विद्यापीठाच्या प्राध्यापकाने उर्दूचा आग्रह धरला नाही.

१९४३ साली मार्लवाईला शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. शिक्षक बाहेरून आणावयाचे नाहीत, ते गोंडच असावेत, असे ठरले. पण लिहितावाचता येणारे गोंड आणावयाचे कोठून? जे मूठभर मिळाले ते मराठी लिहिणारे होते. बाजार मराठीत, सावकाराची वही मराठीत, प्रधानाचे घर मराठीत. अक्षर ओळखणाऱ्या गोंडाने देवनागरीच ओळखावी हे साहजिक होते. म्हणून गोंडी भाषेतील पहिली वाचनपुस्तके आणि तक्ते देवनागरी लिपीत छापण्यात आले. मूल प्रथम आपल्या भाषेत वाचू लागे, मग मराठीकडे वळे, आणि राज्यभाषा म्हणून उर्दू त्यानंतर. मार्लवाईत तयार झालेल्यांतून केवळ शिक्षकच नव्हे तर पटेल आणि कारकूनही निघाले. ज्या कचेरीत गोंडाला दाराबाहेर उभे करीत तेथे गोंड लेखणी घेऊन बसू लागला.

जमिनीचे कामही ह्याच सुमारास झाले. विशेष नियमांखाली गोंड व कोलाम कुटुंबांना विनामूल्य पट्टे देण्यात आले. जिल्ह्यात सुमारे १ लाख ६० हजार एकर जमीन अशी वाटली गेली. जत्रेच्या वेळी केस्लापूरला अधिकाऱ्यांनी येऊन बसावे आणि लोकांची गाऱ्हाणी ऐकावी हा दरबाराचा प्रघातही त्याच दशकातला. मराठी वाचकाला अभिमान वाटावा असे एक नाव येथे घेतले पाहिजे. हैदराबादच्या मुलकी सेवेतील अधिकारी आणि पुढे इतिहाससंशोधक म्हणून कीर्ती मिळविलेले सेतुमाधवराव पगडी ह्यांनी आदिलाबादेत काम करताना गोंडी व कोलामी शिकून घेतल्या, त्यांची व्याकरणे लिहिली आणि आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले. विद्यापीठाचे वेतन नाही, प्रतिष्ठानाची शिष्यवृत्ती नाही. कचेरीचे काम संपवून केलेली ही विद्या आहे. मोठमोठ्या निधींचा हिशेब मांडताना असा माणूस कोणत्या सदरात लिहावा, हे मला कळत नाही.

हायमेनडॉर्फच्या कार्याला मर्यादा होत्या. तो सरकारचा सल्लागार होता, आणि गोंडांनी पुन्हा बंदूक उचलू नये ही सरकारची गरज होती. १९४८ साली प्रसिद्ध झालेला त्याचा राजगोंडांवरील ग्रंथ प्रधानांच्या मुखातील कथांवर उभा आहे. तो इंग्रजीत निघाला, लंडनला वाचला गेला, आणि १९४९ नंतर त्याचा कर्ताही लंडन विद्यापीठाच्या पौर्वात्य व आफ्रिकी विद्याशाळेत गेला. तेथे तो पुढे प्राध्यापक झाला. केस्लापूरच्या किंगरीने जे सांभाळले ते लंडनच्या कपाटात पोचले. किंगरीवाल्याला मात्र त्याच्या यजमानाने दिलेल्या बैलावरच दिवस काढावे लागले. रॉकफेलरच्या दानाने विद्वान निर्माण केला, विद्वानाने ग्रंथ निर्माण केला. ज्याने विद्या दिली त्याच्या निर्वाहाचे कलम त्या व्यवहारात कोठेच नव्हते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात आले. उटनूर, इंद्रवेल्ली, केस्लापूर आंध्र प्रदेशात राहिले. भाषावार प्रांतरचनेसाठी आपण सर्वांनीच झगडा केला, आणि तो योग्यच होता. परंतु तिकडे राहिलेल्या गोंडांच्या शाळेतून मराठी गेली, तेलुगू आली, आणि देवनागरीतील गोंडी पुस्तके निरुपयोगी झाली. ज्या शिक्षकांनी मराठीच्या आधारे गोंडी शिकविली होती त्यांचे ज्ञान एका रात्रीत परकीय ठरले. तेलुगूची निंदा करण्याचे कारण नाही; राज्याच्या भाषेवाचून त्या मुलांना पुढे वाट नव्हती. खेद एवढाच की गोंडीची पायरी मधूनच काढून घेण्यात आली. संयुक्त महाराष्ट्राच्या वाङ्मयात ह्या मार्लवाईच्या पुस्तकांबद्दल एक ओळ मी कधी वाचली नाही.

पट्ट्यांचेही तेच झाले. रस्ते आले, कापसाला भाव आला आणि त्यांच्यामागून जमीन शोधणारे लोक आले. त्यांत तेलुगू व्यापारी होते तसे महाराष्ट्राच्या बाजूने आलेले मराठी शेतकरीही होते, हे आपण लपवू नये. १९७० साली अनुसूचित क्षेत्रातील जमीन आदिवासीखेरीज कोणाला विकता येऊ नये असा कडक नियम झाला, तरी हातची गेलेली जमीन परतणे अवघड होते. हायमेनडॉर्फ १९७० नंतरच्या दशकात परत आला तेव्हा आपल्या डोळ्यांदेखत वाटलेल्या जमिनी दुसऱ्यांच्या नावावर चढलेल्या त्याला दिसल्या; १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने त्याचा हिशेब मांडला आहे. तत्पूर्वीच, २० एप्रिल १९८१ रोजी, इंद्रवेल्लीच्या बाजारच्या दिवशी जमिनीच्या प्रश्नावर सभेसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा आहे. लोक ह्याच्या कितीतरी पट सांगतात. गावाबाहेर त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. एकदा पाडला गेल्यावर तो पुन्हा उभारण्यात आला.

रतन टाटांनी १९१२ साली विचारलेला प्रश्न इंद्रवेल्लीला ह्या स्वरूपात पोचला. दारिद्र्याची कारणे कोणती? आदिलाबादचे उत्तर कागदावर तयार होते. पट्ट्यांच्या नोंदी, नियम, विद्यापीठातील ग्रंथ, सारे होते. ते अमलात आणण्याची ताकद विद्येत नव्हती, दानातही नव्हती. म्हणून दान व्यर्थ गेले असे मी म्हणणार नाही. मार्लवाईच्या शाळेत शिकलेला माणूस आपल्या जमिनीचा कागद स्वतः वाचू शकत होता, आणि ज्याला कागद वाचता येतो त्याला फसविण्यास थोडे अधिक श्रम पडतात.

बेटी हायमेनडॉर्फ १९८७ साली हैदराबादेत वारल्या, हायमेनडॉर्फ १९९५ साली लंडनमध्ये. दोघांच्या समाध्या मार्लवाईत शेजारी शेजारी आहेत. बेटींच्या पुण्यतिथीला, ११ जानेवारीला, गावकरी तेथे जमतात. मार्लवाई आता नव्या आसिफाबाद जिल्ह्यात गेले आहे. केस्लापूरला मेसरामांनी आपल्याच कुळाच्या वर्गणीतून नागोबाचे नवे दगडी मंदिर बांधले आणि २०२२ च्या अखेरीस त्यात देवाची प्रतिष्ठापना केली.

आणखी एक घटना सांगून हा लेख पुरा करतो. नारनूरकडील गुंजाला गावात गोंडीच्या स्वतंत्र लिपीत लिहिलेल्या जुन्या पोथ्या आहेत, असे या शतकाच्या पहिल्या दशकात हैदराबाद केंद्रीय विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांच्या ध्यानात आले. जयधीर तिरुमल राव हे त्यांत प्रमुख होते. ह्यांतील काही लेखन अठराव्या शतकाच्या मध्याचे मानले जाते. ती अक्षरे वाचता येणारी मोजकीच वृद्ध माणसे तेव्हा गावात उरली होती. विद्यापीठाचे लोक त्यांच्यापुढे बसून लिपी शिकले, तिच्या छपाईचे टंक तयार झाले, मुलांसाठी वाचनपुस्तक निघाले, आणि २०१८ साली संगणकाच्या जागतिक लिपिकोशात ‘गुंजाला गोंडी’ ह्या नावाने तिचा समावेश झाला. १९४३ साली मार्लवाईत देवनागरीतील पुस्तके तयार होत होती तेव्हाही ह्या पोथ्या काही मैलांवर त्या गावातील घरांत होत्या. त्या आहेत का, असे कोणी विचारले नव्हते.